पाचव्या आवाजाची चौकशी

बास गिटारला चार तारा असतात. पाचवा आवाज कुठून येतो, हा माझा प्रश्न आहे.

प्रश्न एका ओळीचा आहे आणि उत्तरही एका ओळीत मिळायला हवं. पण सातबाऱ्यावरचं नाव दुरुस्त करायला ज्यानं कधी अर्ज टाकलाय, त्याला माहीत असतं की एका ओळीच्या प्रश्नांचीच फाईल सर्वांत जाड होते. तेव्हा चहा सावकाश घ्या. तुमच्याही घरात काहीतरी वाजत असणारच, तुम्हाला समजेल.

प्रकरणाची पार्श्वभूमी अशी. आमचे चिरंजीव सांगलीला इंजिनिअरिंगला आहेत आणि शनिवार-रविवार साताऱ्याला घरी येतात. पूर्वी येताना धुवायचे कपडे आणत. आता धुवायचे कपडे आणि बास गिटार आणतात. हे वाद्य त्यांनी पुण्यात कुणाकडून तरी सेकंडहँड घेतलं. विकणाऱ्यानं ‘एकदम कंडिशनमध्ये आहे’ असं सांगितलं. कुठल्या कंडिशनमध्ये, हे त्यानं सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही.

दोष निघाल्याबरोबर वाद्य माझ्याकडे वर्ग झालं. का, तर घरातल्या तारांचं खातं माझ्याकडे आहे. आमच्या सौ. गातात. त्यांचा तानपुरा मिरजेचा. गाणं त्यांचं, रियाज त्यांचा, टाळ्या त्यांच्या. तानपुरा खोळीत घालून मिरजेला नेणं, कंडक्टरशी त्याच्या तिकिटावरून वाद घालणं आणि भोपळा सांभाळत परत आणणं, हे लग्नापासून माझं. एवढ्या भांडवलावर ‘बाबांना तारांमधलं कळतं’ असा शेरा माझ्या नावापुढे कधी पडला, ते मला कळवण्यात आलेलं नाही.

आवाजाचं वर्णन लेखी द्या, असं मी चिरंजीवांना सांगितलं. त्यांनी ‘खर्र’ असं लिहून दिलं. मी ते अपुऱ्या माहितीस्तव परत केलं आणि स्वतः ऐकायला बसलो. सगळ्यांत जाड तार छेडली की आधी ‘ढूम’ येतो. ढुमाबद्दल माझी तक्रार नाही, तो वाद्याच्या किमतीत धरलेला आहे. पण ढूम उतरायला लागला की त्याच्या मागून एक बारीक, कोरडी खरखर निघते आणि ढूम घरी गेल्यावरही ती तिथंच बसून राहते. एकदा ऐकली की मग दुसरं काही ऐकू येत नाही. बातम्या लावल्या तरी निवेदकाच्या मागे ती आहे, असं वाटतं.

अशा खरखरीचं निदान करण्याची एक रीतसर पद्धत आहे. बासच्या दांडीवर धातूचे वीस-एकवीस पडदे ठोकलेले असतात. थरथरणारी तार त्यांतल्या कुणाला घासली की खरखर होते. कुठे होते, यावरून आरोपी ठरतो. मोकळी तार खरखरते आणि बोट ठेवताच गप्प होते, तर वरच्या टोकाला नटमधली तिची खाच खोल गेलेली. पहिल्या चार-पाच पडद्यांवर खरखर आणि पुढे सगळं स्वच्छ, तर दांडी गरजेपेक्षा सरळ झालेली. (सरळपणानं त्रास होतो हे मला नोकरीत कळलं होतं, लाकडालाही लागू आहे हे आता कळलं.) अंगाकडच्या पडद्यांवर खरखर, तर ब्रिजवर तार फार खाली बसवलेली. एकाच जागी खरखर, तर शेजारचा पडदा डोकं वर काढून बसलेला. याखेरीज सैल स्क्रू, ब्रिजमधली स्प्रिंग आणि खुंटीची ढिली चकती, हे किरकोळ गुन्हेगार वेगळेच.

आणि हे सगळं तपासण्याआधी वाजवणाऱ्याचा हात तपासायचा असतो. बोट पडद्याच्या लगत न दाबता दोन पडद्यांच्या अधेमधे कुठेतरी टेकवलं तरी खरखर होते. जी तार वाजवायची नाही, तिच्यावर हात ठेवून तिला गप्प केलं नाही, तर तीही शेजारणीचं ऐकून गुणगुणायला लागते. हा मुद्दा मी सर्वप्रथम मांडला होता. चिरंजीवांनी त्यावर हरकत घेतली आणि त्यांच्या आईनं ती मान्य केली. त्यामुळे हाताची चौकशी सुरू होण्याआधीच बंद झाली.

मग घराची स्थळपाहणी करणं आलं. त्यात जे आढळलं ते धक्कादायक होतं. प्रत्येक स्वराला आमच्या घरातली एकेक वस्तू नेमून दिलेली आहे. जाड ‘ई’ तार म्हणजे सेकंदाला एक्केचाळीस कंपनं. ती वाजली की शोकेसची सरकती काच थरथरते. ‘ए’ वाजली की मांडणीवरच्या ताटल्या. ‘डी’ला लोखंडी कपाटाच्या कुलपात लटकणारी किल्ली. ही सगळी मंडळी वर्षानुवर्षं आमच्यात शांतपणे राहत होती. मी काचेच्या खाचेत पुठ्ठ्याची घडी घातली, ताटल्यांमध्ये वर्तमानपत्र, किल्ली काढून खिशात ठेवली. तरी चौथी, बारीक ‘जी’ तार छेडली की कोपऱ्यातून कोणीतरी गायला लागायचं.

तानपुरा. खोळ अर्धी ओढलेली, भिंतीला टेकून उभा, जवळपास कोणी नाही, आणि गातोय.

याचं कारण भौतिकशास्त्रात बसतं. सौं.ची पट्टी पांढरी पाच. त्या पट्टीत तानपुऱ्याचा खर्ज ९८ हर्ट्झला लागतो, आणि बासची मोकळी ‘जी’ तारही ९८लाच. एकीला छेडलं की दुसरी न विचारता बोलते. मी हे सौं.च्या निदर्शनास आणून दिलं. “तो साथ करतोय,” त्या म्हणाल्या. म्हणजे तानपुऱ्यानं केली तर साथ आणि किल्लीनं केला तर खडखडाट. हा भेदभाव कुठल्या नियमाखाली, हे विचारायची सोय नव्हती. आणि किल्ली माझ्या खिशात असल्यामुळे कपाट उघडत नाही, हा वेगळाच विषय तेवढ्यात निघाला.

त्यानंतर चिरंजीवांनी अँप्लिफायर जोडला आणि प्रकरणात वीज आली. आपल्याकडच्या विजेचा स्वर ५० हर्ट्झ. तो अँपमधून अखंड गुणगुणतो, आणि त्याच्याबरोबर त्याची दुप्पट, १०० हर्ट्झही. आता ९८ आणि १०० एकत्र वाजले की सेकंदाला दोन हेलकावे येतात. तेव्हा आमच्या दिवाणखान्यात बास, तानपुरा आणि वीज अशी तिघांची मैफल चालते. त्यातले दोघे एका सुरात आणि वीज किंचित चढी. तिला जरा उतरून घ्या असं सांगणार कुणाला?

तारांना हात लावला की ही गुणगुण थांबते, हेही आढळलं. माणसाचं अंग भिंतीतल्या वायरींची गुणगुण गोळा करून वाद्याला पोचवत असतं. तारा अर्थिंगला जोडलेल्या असल्यानं हात लागताच ते अंगही अर्थिंगला जोडलं जातं. चिरंजीवांचा घराच्या वीजव्यवस्थेशी आलेला हा पहिला विधायक संबंध. एरवी पंखा बंद करण्यापर्यंतही तो गेलेला नाही.

अमेरिकेत या गुणगुणीची दखल घेतली गेली, हे इथं नमूद करतो. लिओ फेंडर यांनी १९५१ साली प्रिसिजन बास बाजारात आणला. १९५७ साली त्यांनी त्याच्या पिकअपचे, म्हणजे तारांचा आवाज उचलणाऱ्या भागाचे, दोन तुकडे केले आणि ते असे उलटसुलट जोडले की एकाची गुणगुण दुसऱ्याची गुणगुण खोडते आणि तारेचा आवाज तेवढा शिल्लक राहतो. म्हणजे सहा वर्षांत तक्रारीचं निवारण! आपल्याकडे समित्यांमध्ये हीच रचना वापरतात, फक्त शिल्लक काही राहत नाही. आमच्या वाद्यात ती सुधारणा पोचलेली नाही.

असो. गुणगुण बाजूला ठेवली तरी मूळ खरखर तशीच होती. शेवटी मी बास खांद्याला लावून मिरजेला निघालो. तारांचा विषय आहे आणि सातारा-सांगलीकडचा माणूस आहे, तर तो मिरजेला जाणार नाही तर कुठे जाणार? पेठ नाक्याला महामार्ग सोडला तिथून आष्टा, सांगली आणि थेट मिरजेपर्यंत बसच्या काचा एकसुरात खडखडत होत्या. एकाही प्रवाशाला निदानात रस नव्हता.

सतारमेकर गल्लीत एका कारागिरानं बास मांडीवर घेतला. वजन पाहून भुवई उचलली. मग जाड तार छेडली आणि डोळे मिटून, खरखर पूर्ण विरेपर्यंत ऐकली.

“वा,” ते म्हणाले. “जवारी उघडीय.”

“ती बंद करायचीय,” मी म्हटलं.

त्यांनी बास हळूच खाली ठेवला, चहा सांगितला आणि घरी सगळे बरे आहेत ना, असं विचारलं. चहा होईपर्यंत त्यांनी बाकीच्या तारा छेडून पाहिल्या आणि मोठ्या आपुलकीनं म्हणाले, “या तिन्ही बंदच आहेत की काका. म्हणत असाल तर त्याही उघडून देतो.”

माझ्यावरचा अन्याय किती खोलवर मुरलेला आहे हे मला त्या गल्लीत उमगलं. मी दाद मागायला अशा गावी आलो होतो, जिथं खरखर ही कला आहे. तानपुऱ्याची घोडी पाहिलीत? ती धारदार नसते, पसरट असते, वरून किंचित उताराची. तार त्या उतारावर टेकत-सुटत थरथरते, तिच्या पोटातले वरचे स्वर बाहेर पडतात, हीच जवारी, आणि तेवढ्यासाठी माणसं आयुष्यभर घोडीला कानस लावत बसतात. शिवाय घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकवतात. तो केसभर पुढे, केसभर मागे. धागा बरोबर जागी गेला की तार बोलायला लागते. वाजवून वाजवून घोडीवर चर पडले की जवारी जाते, मग ती पुन्हा काढून घ्यायची, पैसे देऊन. सौं.च्या तानपुऱ्याची मी आजवर इतक्यांदा काढून आणलीय. म्हणजे जो आवाज घालवायला मी आलो होतो, तोच आणायला मी इथं येत असे. कारागिराच्या दृष्टीनं या खेपेला काम आधीच झालेलं होतं.

आणि ही एका गल्लीची लहर नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात मिरजेतल्या शिकलगारांनी, तलवारींना धार लावणाऱ्या घराण्यांनी, हत्यारं सोडून वाद्यं करायला घेतली. फरीदसाहेबांचं नाव त्यात आद्य म्हणून घेतात. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे आणायचे, तुनाचं लाकूड घ्यायचं, आणि त्याला खरखरायला शिकवायचं, हा उद्योग तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. याचा कायदेशीर अर्थ नीट लक्षात घ्या. ही खरखर आता केंद्र सरकारच्या दप्तरी नोंदलेली आहे. तिच्याविरुद्ध मी एकटा, एका सेकंडहँड बासच्या बळावर.

विज्ञानाकडून काही आधार मिळेल म्हणावं, तर तिथं सी. व्ही. रामन बसलेले. तार जिथं छेडली तिथं ज्या वरच्या स्वराचा स्थिर बिंदू येतो, तो स्वर ऐकू येता कामा नये, असा यंगचा नियम आहे. तानपुऱ्यात आणि वीणेत तो खुशाल ऐकू येतो, आणि त्याला कारण ती पसरट घोडी, असं रामन यांनी १९२१ साली लिहून ठेवलं. नियमभंगाची नोंद झाली, कारणमीमांसा झाली, कार्यवाही शून्य. उलट कौतुक!

माझी खरी मदार होती ती देवलांवर. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर. निवृत्तीनंतर सरकारी माणूस सोसायटीचा चेअरमन होतो. देवलांनी तारा ताणल्या, त्यांच्या लांब्या मोजल्या आणि बावीस श्रुतींचा हिशेब मांडून १९१० साली त्यावर इंग्रजीत पुस्तक काढलं. मोजणीसाठी गळा कुणाचा, तर अब्दुल करीम खाँसाहेबांचा. खाँसाहेब पुढे मिरजेचेच झाले. तानपुरा जुळवण्याबाबत त्यांच्या काटेकोरपणाच्या गोष्टी अजून सांगतात. १९३७ साली ते गेले, मिरजेच्या दर्ग्यातच त्यांना दफन केलं आणि दरवर्षी तिथं गाणं होतं. क्लेमंट्स नावाच्या आयसीएस अधिकाऱ्यानंही देवलांचा हिशेब उचलून धरला. श्रुतींची खास हार्मोनियम झाली, १९१६ सालच्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली गेली, वाद झाला. वाद झाला म्हणजे दखल घेतली गेली. मला तर तेवढंही नको होतं. नुसती पोचपावती चालली असती. महसूल खात्यातल्या माणसानं बावीस श्रुतींची मोजणी करून दिली. तेविसाव्या आवाजाला मात्र या जिल्ह्यात वाली नाही.

मी साताऱ्याला परतलो आणि काम स्वतःच हाती घेतलं. बासच्या दांडीच्या पोटात एक लोखंडी सळई असते. चारही तारा मिळून दांडीला पाऊणशे किलोच्या आसपास ताणत असतात, सळई उलट्या बाजूनं ताणते, आणि या रस्सीखेचीत दांडीला नावापुरता बाक राहावा अशी अपेक्षा असते. पावसाळ्यात लाकूड ओल पितं, उन्हाळ्यात आक्रसतं, बाक बदलतो. साताऱ्याचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. दारं फुगतात तिथं दांडीचं काय! बाक तपासायचा तर तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर दाबून धरायची आणि सातव्या-आठव्या पडद्याशी तिच्याखालून व्हिजिटिंग कार्ड सरकतं का पाहायचं. माझ्या हुद्द्याला व्हिजिटिंग कार्ड नव्हतं. लग्नपत्रिका जाड पडली. शेवटी तिच्यासोबत आलेल्या ‘कृपया आहेर आणू नये’ या चिठ्ठीनं काम भागवलं. तीही सरकेना. दांडी ताठ होती.

सायकलवाल्याकडून अ‍ॅलन की आणून मी सळई पाव फेरा सैल केली. एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही, आणि मग एक दिवस लाकडाला विचार करायला द्यायचा, असा दंडक आहे. लाकडानं विचार केला. पहिल्या पडद्यांवरची खरखर नाहीशी झाली. घरात सायंकाळभर शांतता होती. दुसऱ्या दिवशी खरखर बाराव्या पडद्यापलीकडे रुजू झालेली आढळली.

म्हणजे तिला कामावरून काढलंच नव्हतं, तिची बदली झाली होती. मी ब्रिजवर तार उचलली, तर खरखर गेली पण तार दाबायला इतकी जड झाली की चिरंजीवांच्या बोटांना फोड आले, आणि फोडांच्या संदर्भात मला घरात कारणे दाखवा नोटीस निघाली. तार खाली घेतली, फोड गेले, खरखर मूळ ठिकाणी हजर. मध्ये कुठे तरी एक जागा असणार जिथं फोडही नाहीत आणि खरखरही नाही. ती जागा मी चिमटीभर स्क्रूच्या अलीकडे आणि पलीकडे शोधली आहे.

इथंवर आल्यावर चिरंजीवांनी शांतपणे एक नियम समोर ठेवला. म्हणे, बासवाल्यांमध्ये जगभर मान्य आहे: खरखर अँपमधून ऐकू येत नसेल तर ती नाही. पिकअप उचलतो तेवढंच खरं; नुसत्या कानांना ऐकू येतं ते हिशेबात धरायचं नाही. मी खोलीत बसलोय, माझ्या दोन कानांनी ऐकतोय, आणि दप्तरी नोंद नाही म्हणून आवाज नाही. असे निर्णय मी नोकरीत पुष्कळ टाईप केले आहेत. माझ्यावर बजावला गेला तो हा पहिला.

तरी मी अपील केलं. तेव्हा चिरंजीवांनी दाखले काढले. लॅरी ग्रॅहम नावाचा एक बासवाला आईबरोबर वाजवायचा. ढोलकवाला नव्हता, म्हणून त्यानं अंगठ्यानं तारा ठोकून पडद्यांवर आपटायला सुरुवात केली. तो आपटण्याचा आवाज पुढे शैली म्हणून जगभर गेला. दुसरा जॅको पास्टोरियस. त्यानं बासचे पडदेच उपटून काढले, खाचा बुजवल्या, वर होड्यांना लावतात तसला इपॉक्सी चढवला, आणि त्या बिनपडद्यांच्या दांडीवर तार घासून जो आवाज निघाला त्यावर १९७६ साली आख्खी तबकडी काढली. मी ती ऐकली. तार दांडीला लागून लांबत जाते आणि शेवटाला गुणगुणते. सौ. स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “याची जवारी कुणी काढलीय?”

तेव्हापासून घरात त्या दोघांची एकवाक्यता झाली आहे. माझ्या तक्रारीवर पडदे हाच दोष आहे, असा एकमुखी निष्कर्ष निघाला असून पडदे काढल्यावर दांडी मिरजेला न्यायची, घोडीला उतार देऊन घ्यायचा, आणि हे ने-आणीचं काम अनुभवी माणसाकडे सोपवायचं, असं ठरलेलं आहे. काल चिरंजीवांनी मला विचारलं, “बाबा, पक्कड कुठाय?”

पक्कड माझ्याकडेच आहे. कपाटात आहे. कपाटाची किल्ली कुठे आहे, हे मी लेखी विचारणा झाल्याशिवाय सांगणार नाही.